दुर्गाबाईंची धाकटी बहीण : डॉ. कमला सोहोनी

मराठी विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही दुर्गा भागवत हे नाव अपरिचित नाही. ‘ऋतुचक्र’, ‘व्यासपर्व’, ‘पैस’ ही नावे परीक्षेच्या निमित्ताने का होईना, आपल्या ओठांवर असतात. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला उघड विरोध करणारी निर्भय विदुषी म्हणून आपण त्यांना ओळखतो. आदिवासींच्या जीवनाचा अभ्यास करण्यासाठी त्या जुन्या मध्यप्रांतात हिंडल्या होत्या आणि आपला भंडारा जिल्हा त्या काळी मध्यप्रांतातच होता, म्हणून त्यांच्याविषयी थोडी अधिक आपुलकीही वाटते. परंतु याच दुर्गाबाईंना एक धाकटी बहीण होती, आणि तीही तितकीच निर्भय होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

माहेरची कमला भागवत, लग्नानंतरची डॉ. कमला सोहोनी. थोरल्या बहिणीने शब्दांचा आणि लोककथांचा मागोवा घेतला, धाकटीने पेशीचा. जीवरसायनशास्त्र हा तिचा विषय. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्यावहिल्या भारतीय स्त्रियांत तिची गणना होते. २०२३ साली १८ जूनला तिच्या जन्मदिनी गुगलने आपल्या मुखपृष्ठावर तिचे चित्र झळकवले, तेव्हा अनेकांना हे नाव पहिल्यांदा कळले. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. प्रयोगशाळेशी माझा संबंध दहावीपर्यंतचाच. तरीही कमलाबाईंचे चरित्र वाचता वाचता मी त्यांच्या विषयात ओढली गेले आणि त्यांनी ज्या सूक्ष्म पदार्थाचा शोध घेतला, त्याची पुढची हकीकत एका विज्ञानशिक्षकांकडून समजून घेतली. ती हकीकत एखाद्या कादंबरीला लाजवील अशी आहे. विज्ञानाचे नाव काढताच पान उलटणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझी विनंती, की जरा थांबावे.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूरला झाला. घराणे विद्येचे. वडील नारायणराव भागवत आणि चुलते माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. जमशेदजी टाटांच्या देणगीतून १९०९ साली बंगलोरला जी विज्ञानसंस्था स्थापन झाली, तिच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत हे दोघे बंधू होते. त्यामुळे रसायनशास्त्र या घरात पाहुणे म्हणून आले नव्हते. ते घरचेच होते. ज्या काळात मुलीला चार इयत्ता शिकवल्या की बापाचे कर्तव्य संपत असे, त्या काळात या घरातल्या मुली काय शिकावे हे स्वतः ठरवीत होत्या. कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. रसायनशास्त्र हा मुख्य विषय, भौतिकशास्त्र दुय्यम, आणि गुणवत्ता यादीत पहिला क्रमांक.

पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याने पुढे संशोधन करावे, यात नवल ते काय? कमलाबाईंनी वडिलांच्या व चुलत्यांच्याच संस्थेकडे, बंगलोरला अर्ज केला. संस्थेचे संचालकपद त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे आले होते. रामन म्हणजे १९३० सालचे नोबेल पारितोषिकाचे मानकरी, अवघ्या देशाचे भूषण. त्यांच्याकडून नकार आला. कारण गुणांचे नव्हते, जागांचे नव्हते, पैशांचेही नव्हते. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण होते.

दुसरी एखादी मुलगी रडली असती आणि घरच्यांनी स्थळे पाहायला घेतली असती. कमलाबाई बंगलोरला जाऊन रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या. नकार का, हे त्यांनी विचारले आणि समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हा त्यांच्या कचेरीबाहेर सत्याग्रह आरंभला. तो काळ गांधीजींच्या चळवळीचा होता. मिठासाठी, जंगलासाठी, परदेशी कापडाविरुद्ध सत्याग्रह झालेले लोकांनी पाहिले होते. प्रयोगशाळेतल्या एका जागेसाठी एका बावीस वर्षांच्या मुलीने केलेला हा सत्याग्रह मात्र इतिहासाच्या पुस्तकात आपल्याला कोणी शिकवला नाही.

अखेर रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थी मानले जाणार नव्हते. ते वर्ष परीक्षेचे. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणे रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या असण्यामुळे प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये, अशी तिसरी अट होती. या तिसऱ्या अटीपाशी मी वाचताना बराच वेळ थबकले. काम करणाऱ्या पुरुषांचे लक्ष विचलित झाले, तर दोष काम करणाऱ्या स्त्रीचा! कमलाबाईंनी अपमान गिळला आणि अटी मान्य केल्या. उत्तरायुष्यात त्यांनी या प्रसंगाविषयी जाहीरपणे सांगितले, की रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर होते, पण याबाबतीत त्यांची दृष्टी कोती होती. ती जखम त्या विसरल्या नव्हत्या. थोर माणसाच्या थोरवीला बाध न आणता त्याच्या चुकीला चूक म्हणणे ही गोष्ट भागवत भगिनींना चांगली साधली होती, असे दिसते.

बंगलोरला एम. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक. ते कडक होते, पण न्यायी होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी-कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम सुरू केले. विषय पाहा! ज्या देशात बहुसंख्य लोकांच्या ताटात मांस पडत नाही, त्या देशात वरण हेच प्रथिनांचे मुख्य साधन. प्रयोगशाळेत बसूनही त्यांची नजर स्वयंपाकघरावर होती. वर्षअखेर रामन यांची खात्री पटली आणि त्यांना रीतसर संशोधनाची परवानगी मिळाली. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी त्यांनी विशेष प्रावीण्यासह मिळवली.

मग शिष्यवृत्त्या मिळवून १९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चे नोबेल त्यांना मिळालेले. त्यांच्या प्रयोगशाळेत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत, आणि त्यामुळे कोणाचे वातावरण बिघडल्याची नोंद नाही! न्यूनहॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयात कमलाबाईंना प्रवेश मिळाला. परंतु साहेबाच्या देशात सारेच आलबेल होते, असे समजण्याचे कारण नाही. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवीचे पूर्ण हक्क दिले ते १९४८ साली. म्हणजे कमलाबाई तेथे शिकत होत्या तेव्हा स्त्रियांना पदवी मिळे ती नावापुरती. विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व मिळत नसे. दाराला कुलूप बंगलोरलाच होते असे नाही, केंब्रिजलाही होते. फक्त ते दुसऱ्या खोलीचे होते.

केंब्रिजला आधी त्यांनी डॉ. डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केले. ते दुसरीकडे गेल्यावर डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे त्या वनस्पतींच्या ऊतींवर काम करू लागल्या. प्रकाशसंश्लेषणाच्या संशोधनात आजही ज्यांचे नाव घेतले जाते, तेच हे हिल. प्रयोगाला घेतलेली वस्तू कोणती? बटाटा. आपल्या घरी टोपलीत पडलेला, विसरला तर कोंब फुटणारा बटाटा. या बटाट्याच्या पेशींत कमलाबाईंना सायटोक्रोम-सी हे द्रव्य सापडले, आणि वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत ते असून तिच्या श्वसनात भाग घेते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. सायटोक्रोम हे नाव केंब्रिजच्याच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ साली दिलेले. पेशींचे रंगद्रव्य असा त्याचा साधा अर्थ. कमलाबाईंनी आपला प्रबंध सादर केला तो अवघ्या चाळीस पानांचा, आणि १९३९ साली त्या डॉक्टर झाल्या. आपल्याकडे प्रबंधाची जाडी पाहून विद्वत्ता मोजण्याचा प्रघात आहे, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

आता हे सायटोक्रोम-सी म्हणजे काय, ते आपल्या भाषेत पाहू. धानाचे पुंजणे थोडे ओले राहिले आणि त्यात हात घातला, तर आत ऊब लागते. हा अनुभव आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या प्रत्येक पोराला आहे. त्या उबेत बुरशीचा वाटा असतो, तसा दाण्याचाही असतो. कारण दाणा जिवंत आहे, तो श्वास घेतो. श्वास घेणे म्हणजे पेशीच्या आत अन्न मंदपणे जळणे. हे जळण पेशीत कोठेही होत नाही. त्यासाठी तंतुकणिका नावाच्या स्वतंत्र कोठड्या असतात. प्रत्येक कोठडीला आतबाहेर असे दोन पापुद्रे असतात. पवनीच्या किल्ल्याला आतून बाहेरून दोन परकोट असते आणि दोहोंच्या मध्ये एक अरुंद गल्ली असती, अशी कल्पना करा. त्या गल्लीत सायटोक्रोम-सी राहते. हे एक छोटे प्रथिन. माणसाच्या शरीरात ते १०४ अमिनो आम्लांच्या साखळीचे असते. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू बसवलेला असतो, आपल्या रक्ताच्या लाल रंगात असतो त्याच जातीच्या कोंदणात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी पोचवणे, एवढेच त्याचे काम. तो हमाल आहे म्हणा ना. पण हा हमाल संपावर गेला तर पेशीतले ऊर्जेचे उत्पादन थांबते.

येथवरची गोष्ट कमलाबाईंच्या काळातली. पुढची गोष्ट त्यानंतर उलगडत गेली. हे प्रथिन तंतुकणिकेत तयार होत नाही. ते बाहेर, पेशीद्रवात घडते आणि नंतर आत आणले जाते. बाहेर असताना त्याच्यापाशी लोहाचे कोंदण नसते आणि त्याची साखळी सैल असते, म्हणून ते बाहेरच्या परकोटातून आत सरकू शकते. आत गल्लीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याची वाट पाहत असते. ते विकर त्याच्यात कोंदण बसवते. कोंदण बसताच साखळी घट्ट गुंडाळली जाते, आणि मग परत बाहेर जाण्याची वाट त्याला राहत नाही. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलीसारखी त्याची स्थिती होते, असे मी म्हणणार होते. पण कमलाबाईंच्या चरित्रात ही उपमा शोभणार नाही. एवढेच म्हणू, की कोणते प्रथिन पेशीच्या कोणत्या दालनात राहील, हे विकरे ठरवतात.

केवळ मुक्काम नव्हे, प्रवासही विकरेच ठरवतात. यांतील एका वर्गाचे नाव कायनेज. त्यांचे काम दिसायला क्षुल्लक आहे. दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक छोटासा तुकडा चिकटवणे. फॉस्फेटेज नावाची दुसरी विकरे तो तुकडा काढून टाकतात. पहिले शिक्का मारते, दुसरे शिक्का पुसते. माणसाच्या शरीरात पाचशेहून अधिक प्रकारची कायनेज आहेत आणि पेशीबाहेरून येणारे निरोप बहुतांशी याच शिक्क्यांच्या भाषेत आत पोचतात. या शिक्क्यांच्या शोधाबद्दल एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शिक्का असला की एखादे प्रथिन एका दालनात थांबते. शिक्का पुसला की ते दुसऱ्या दालनाकडे निघते. तालुक्याच्या कचेरीत कागदाचा प्रवास शिक्क्यावर कसा अवलंबून असतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

याचेच एक उदाहरण कमलाबाईंच्या सायटोक्रोम-सीशी जोडलेले आहे. प्राण्यांच्या पेशीत बॅड नावाचे एक प्रथिन असते. शेजारच्या पेशींकडून जग, वाढ असा निरोप येत असतो, तोवर एक कायनेज या बॅडवर फॉस्फेटचा शिक्का मारून ठेवते. शिक्का मारलेल्या बॅडला दुसरी प्रथिने पेशीद्रवातच धरून ठेवतात. निरोप यायचा थांबला आणि शिक्का पुसला गेला, की बॅड सुटते आणि तंतुकणिकेकडे जाते. तेथे रखवाली करणाऱ्या प्रथिनाला ते अडकवून ठेवते. मग बाहेरच्या परकोटाला भोके पडतात आणि गल्लीतले सायटोक्रोम-सी पेशीद्रवात सांडते. ज्याच्यामुळे पेशी श्वास घेत होती, तेच आता तिच्या मृत्यूची दवंडी होते. त्या दवंडीने कापणारी विकरे जागी होतात आणि पेशी आवराआवर करून, शेजाऱ्यांना त्रास न देता मरते. सायटोक्रोम-सी हे मृत्यूचे दूतही आहे, हे अमेरिकेत शिओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली दाखवले. वनस्पतींत सारे नेमके असेच घडते असे नाही. तरी प्राण्यांपुरते हे चित्र आता पक्के आहे.

पेशीने मरावे, यात वाईट काय? उलट अनेकदा तेच भले असते. गर्भात असताना आपल्या हाताची बोटे पडद्याने जोडलेली असतात. मधल्या पेशी वेळेवर मरतात म्हणून बोटे सुटी होतात. आणि ज्या पेशी मरायचे विसरतात, मरणाचा निरोप ऐकत नाहीत, त्या कर्करोगाच्या. म्हणून आज कर्करोगावरची कितीतरी औषधे या शिक्के मारणाऱ्या कायनेज विकरांनाच आवरण्यासाठी बनवलेली आहेत. ही सारी गोष्ट कमलाबाईंनी शोधली, असे मुळीच म्हणायचे नाही. तसे म्हटले तर त्यांच्या काटेकोरपणाचाच अवमान होईल. पण ज्या साखळीत शेकडो माणसांनी एकेक कडी ओवली, तिच्यातली एक आरंभीची कडी मराठी मुलीच्या हातची आहे, आणि ती कडी ओवायला तिला आधी एका दारापुढे बसून राहावे लागले होते, हे विसरता येत नाही.

डॉक्टर झाल्यावर कमलाबाई परदेशात राहू शकल्या असत्या. त्या १९३९ सालीच परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तेथील विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवले आणि आपल्या विद्यार्थ्यांकरवी भारतीय माणसाच्या रोजच्या अन्नाची तपासणी सुरू केली.

डाळी आणि कडधान्ये पुन्हा त्यांच्या टेबलावर आली. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर प्रथिनांचे तुकडे करते. कच्च्या कडधान्यांत त्या विकराचे हात बांधणारी द्रव्ये असतात. भारतीय खाद्यपदार्थांतील अशा द्रव्यांवर त्यांच्या प्रयोगशाळेतून १९५४ साली निबंध प्रसिद्ध झाला. अशी द्रव्ये पुष्कळशी उष्णतेने नष्ट होतात, म्हणून डाळ नीट शिजवून खाण्याच्या आपल्या आजीच्या शिस्तीला शास्त्राचा आधार आहे. आपल्या जिल्ह्यातल्या वाचकाला येथे लाखोळीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. धानाच्या उभ्या बांधीत कापणीआधीच फेकून पेरलेली लाखोळी ही गरिबाची डाळ. तिच्यातल्या विषारी द्रव्यामुळे, दुष्काळात तिच्यावरच महिनोन्‌महिने गुजराण करणाऱ्यांचे पाय लुळे पडत, आणि म्हणून तिच्या विक्रीवर पुष्कळ वर्षे बंदी होती. गरिबाच्या ताटात जे पडते त्याची तपासणी विद्वानाने का करावी, याचे उत्तर आपल्याला लाखोळीपेक्षा वेगळे शोधायला नको.

दुसरे काम नीरेचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी ताडवर्गीय झाडांच्या ताज्या रसाचा अभ्यास हाती घेतला. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते. ऊन चढले की ती आंबते आणि तिची ताडी होते. या गोड रसात जीवनसत्त्वे व इतर पोषक द्रव्ये आहेत, हे त्यांनी दाखवले. कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना आहारात नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत चांगली सुधारणा दिसून आली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. महागडे औषध परदेशातून आणण्याऐवजी बांधावरच्या झाडाकडे पाहावे, ही त्यांची रीत होती. आपल्याकडेही शिंदीची झाडे आहेत. पण त्यांच्याकडे पाहताना आपल्याला फक्त दुपारची शिंदी आठवते, पहाटेची नीरा आठवत नाही. मुंबईच्या आरे दुग्ध प्रकल्पालाही दुधाच्या प्रतीबाबत त्यांचा सल्ला मिळत असे.

एवढे काम हाताशी असताना त्या संस्थेच्या संचालक केव्हाच व्हायला हव्या होत्या. ते पद त्यांना मिळाले, पण चार वर्षांच्या विलंबाने. १९३३ साली तरुण कमलेला ज्या कारणाने दाराबाहेर ठेवले, तेच कारण केस पांढरे झाल्यावरही पाठीमागे उभे होते, असे त्यांचे चरित्र वाचणाऱ्याला वाटते. पहिल्या वेळी नकार निदान तोंडावर तरी मिळाला होता. दुसऱ्या वेळी तो फायलींतून मिळाला. मला विचाराल तर फायलीतला नकार अधिक कठीण. त्याच्यासमोर सत्याग्रह करायला दारच नसते.

निवृत्तीनंतर माणसे नातवंडांत रमतात. कमलाबाईंनी सार्वजनिक कामाचा आणखी एक मार्ग आधीच धरला होता. १९६६ साली मुंबईतल्या नऊ स्त्रियांनी मिळून ग्राहकांचे मार्गदर्शन करणारी एक संस्था काढली, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. त्या संस्थापकांत कमलाबाई होत्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्षही झाल्या. भेसळ कशी ओळखावी, वस्तू पारखून कशी घ्यावी, यावर संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकातून त्यांनी लिहिले. केंब्रिजचा डॉक्टर हळदीतल्या भेसळीवर लिहितो, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९९८ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला. त्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. देशाने गौरवाला उशीर केला होता. पण तो अगदीच चुकला नाही.

हे चरित्र आपल्या अंकासाठी का निवडले, असे कोणी विचारील. आमच्या गावाहून विज्ञानशाखेचे कनिष्ठ महाविद्यालय दूर, एस.टी. सायंकाळी उशिरा परतणारी. दहावीनंतर माझ्याबरोबरच्या कितीतरी मुलींनी कला शाखा घेतली ती आवडीने नव्हे, तर अंतरामुळे. घरी कोणी नको म्हटले नाही. फक्त अंधार पडल्यावर येऊ नये, कोणाच्या नजरेत भरू नये, पहिले वर्ष पाहू आणि मग ठरवू, एवढ्याच अटी होत्या. बंगलोरच्या त्या तीन अटींशी ताडून पाहा. आठ-नऊ दशके लोटली तरी शब्द किती थोडे बदलले आहेत! कलाशाखा कमी प्रतीची असे मला म्हणायचे नाही. दुर्गाबाईंच्या वाचकाला असे म्हणता येणार नाही. पण भागवतांच्या घरात एकीने लोकसाहित्य निवडले आणि दुसरीने रसायन, आणि दोघींनी ते स्वतः निवडले. निवड करता आली पाहिजे, हीच खरी गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट मला जाणवते. कमलाबाईंनी अटी मोडल्या नाहीत. त्या पाळल्या आणि निरर्थक ठरवल्या. वर्षभर अपमान सोसून त्यांनी असे काम केले, की अट घालणाऱ्यालाच ती मागे घ्यावी लागली. प्रत्येकीने असेच करावे, असे मात्र मी म्हणणार नाही. एका मुलीला आपली लायकी सिद्ध करण्यासाठी वर्षभर परीक्षा द्यावी लागते आणि शेजारच्या मुलाला ती द्यावी लागत नाही, हा मुलीचा पराक्रम म्हणून सांगताना तो व्यवस्थेचा अन्याय म्हणूनही सांगितला पाहिजे. नाहीतर आपण पराक्रमाची आरती ओवाळतो आणि अट तशीच राहते.

असो. आपल्या ग्रंथालयातून ‘ऋतुचक्र’ घरी नेताना, या लेखिकेला एक धाकटी बहीण होती, एवढे वाचकांनी आठवावे. आणि टोपलीतला बटाटा चिरायला घेताना आठवावे, की त्याच्या प्रत्येक पेशीत एक चिमुकला लोहाचा कण आपले काम करीत आहे. घरात सहावी-सातवीतली धाकटी बहीण असेल, तर तिलाही ही गोष्ट सांगावी. पुढे तिने काय शिकायचे, ते तिचे तिला ठरवू द्यावे. आणि तिची एस.टी. उशिरा येत असेल, तर तिला आणायला थांब्यापर्यंत आपण जावे.